सात नंबरच्या खाटेजवळच्या मावशींना

प्रिय मावशी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, या भरवशावर लिहिते आहे. मोबाइलवर लांबलचक काही आलं की तुम्ही तो तिच्याकडे सरकवता, हे तुम्हीच सांगितलं होतं.

आधी मी कोण ते सांगते. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरच्या आम्ही सगळ्याच तुम्हाला सारख्या दिसायचो. जाळीतला अंबाडा, पांढरे बूट, खिशात दोन पेनं आणि सेकंद काट्याचं घड्याळ. मी त्यातली अर्जुनी मोरगावची. तुम्ही नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पहिल्याच दिवशी पाण्याचा जग सांडवणारी.

ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीबद्दल काय सांगू? बारावीला पुस्तक इंग्रजी होतं, पण सर शिकवायचे मराठीतून. इथे मानेच्या एका स्नायूचं नाव स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड, आणि तसली नावं रात्रीतून पाठ करायची. ते जमलं. घोकंपट्टीची सवय होती. वॉर्डात घोकून काही होत नव्हतं.

डिसेंबरात महिला मेडिसिनला पोस्टिंग लागलं. प्रत्येकीला तीन-तीन पेशंट, रोज सकाळी टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, आणि बीपी घेऊन चार्टवर भरायचं. पद्धत तोंडपाठ होती. पट्टा कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधायचा, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की आकडा आणखी ३० मिलिमीटरनं वर जाईपर्यंत हवा भरायची, मग हळूहळू सोडायची, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके थांबतात तो खालचा. परीक्षेत विचारलं असतं तर दहापैकी दहा. कानात मात्र काहीच येत नव्हतं. नुसती सनसन.

पहिल्या दिवशी वाटलं, वॉर्डात गोंगाट आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, माझ्याच कानात दोष आहे. बाकीच्या मुली भराभर आकडे लिहीत होत्या. ट्यूटर मॅडमनी आदल्याच दिवशी एकीला सगळ्यांसमोर झापलेलं, त्यामुळे विचारायची छाती नव्हती. तिसऱ्या दिवशी मी तीन चार्टवर लिहून टाकलं: १२०/८०, १२२/८०, १२०/७८. वैविध्य हवं म्हणून दोनाची फेरफारही केली होती! आज हसू येतं, तेव्हा घशाला कोरड पडली होती.

तुम्ही शेजारच्या खाटेची चादर बदलत होता. इंग्रजी वाचता येत नाही म्हणायच्या, पण आकडे तुम्हाला लांबून दिसतात. चादरीचा कोपरा गादीखाली दाबता दाबता तुम्ही हळूच म्हणालात, "काऊन वं पोरी, साऱ्याइचं एकच बीपी? सारे एकाच ताटात जेवले का?" आणि मग, "सात नंबरची बुढी कालपासून डोकं धरून बसली हाये, अन् तिचं एकशेवीस?"

मी काहीच बोलले नाही. रडू आलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत, सिस्टरला हाकही मारली नाही. माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप बघून म्हणालात, "मले तुह्यं मशीन समजत नाही. पन डॉक्टर लोक लावायच्या आंधी त्याच्यावर बोटानं ठकठक करून पायतेत. तू कधी केलं नाही."

मी ठकठक केलं. आवाजच नाही. मेडिकल चौकातून घेतलेला माझा नवाकोरा स्टेथोस्कोप दुतोंडी होता. एका बाजूला मोठी चकती, दुसऱ्या बाजूला छोटी वाटी, आणि मधला भाग फिरवला की एका वेळी एकच बाजू उघडते. माझी वाटीची बाजू उघडी होती आणि मी चकती लावून ऐकत होते. तीन दिवस मी बंद दारावर कान लावून बसले होते. अर्धी गिरकी दिली, पुन्हा बोट टेकवलं, आणि कानात ढोल वाजल्यासारखं झालं.

"आता जाय," तुम्ही म्हणालात, "अन् खरं घेऊन ये."

सात नंबरच्या आजींचं १६८/९४ निघालं. ठोके इतके स्पष्ट होते की मला आधी ती गंमतच वाटली, मग भीती. सिस्टरनी स्वतः घेतलं, त्यांचंही तेवढंच आलं. चार्टवरच्या माझ्या १२०/८० कडे बघून त्यांनी विचारलं, "हे कोणी घेतलं होतं?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बादली उचलत म्हणालात, "नवीन पोट्टी हाये सिस्टर, शिकून राह्यली." सिस्टरनी मला चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारून सही करायला लावली आणि त्या डॉक्टरांना फोन करायला गेल्या.

सिस्टरना वाटलं असेल, नवखीचं ऐकण्यात चुकलं. तसं नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं, आकडा मनानं लिहिला होता. हे तुम्हाला आणि मलाच माहीत होतं, आता हे वाचणाऱ्या तुमच्या नातीलाही माहीत झालं. तुम्ही मला पाठीशी घातलंत ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. पण तुम्ही तसं केलं नसतं तर दुसऱ्या दिवशी मी गोंदियाच्या गाडीत असते, एवढं नक्की.

दीपप्रज्वलनाच्या दिवशी हातात मेणबत्ती घेऊन आम्ही शपथ म्हटली. भाषणात आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा आला, तसा तो दरवेळी येतोच. त्या बाईंनी क्रिमियाच्या युद्धातले मृत्यू मोजून १८५८ मध्ये रंगीत तक्ते छापले होते आणि जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या आजारांनीच जास्त सैनिक गेले हे दाखवलं होतं, हे कोणी बोललं नाही. मला मात्र तेव्हा तुमचं एकाच ताटातलं जेवण आठवत होतं.

आणखी पुष्कळ आहे. पेशंटला कुशीवर करताना आधी पलीकडचा गुडघा वाकवायचा, मग कंबरेवर ताण येत नाही, हे तुमच्याकडून शिकले. नाकाला रुमाल न लावता बेडपॅन कसा न्यायचा तेही. थंडीत स्टेथोस्कोप आधी तळव्यात धरून कोमट करायचा, हेही.

आता मी तिसऱ्या सेमिस्टरला आहे. तुम्ही काम सोडून उमरेडला लेकीकडे गेलात, तेव्हा माझी परीक्षा चालू होती, भेट झालीच नाही. एक राहिलं आहे. वॉर्डातल्या सगळ्यांचं बीपी मी घेतलं, तुम्ही एकदाही हात पुढे केला नाहीत. "मले काय धाड भरली?" म्हणून सटकायच्या. या रविवारी सकाळच्या बसनं येते आहे. बाही वर करून बसा, आणि चहा माझ्यासमोर प्यायचा नाही, बीपी घेण्याआधी अर्धा तास तर नाहीच. आकडा बदलतो.

तुमची,
जग सांडवणारी