समासातल्या त्या एका ओळीसाठी

आदरणीय बाई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्ही तशी ताकीदच दिली आहे. पण पत्र जाहीर लिहिण्याचा हट्ट मी सोडला नाही. ज्यांनी माझी कादंबरी नाकारली त्यांच्यापैकी एखाद्याच्या तरी नजरेला हे पडावं, एवढा क्षुद्रपणा माझ्यात अजून शिल्लक आहे.

एका प्रकाशकांना पुनर्जन्म हा विषयच जुनाट वाटला. दुसऱ्यांना विषय आवडला, पण नायकाच्या खांद्यावर गेल्या जन्मीच्या जखमेची खूण हवी होती, म्हणजे त्याला शोधणाऱ्या नायिकेला तो झटकन सापडेल! (जन्मखुणांशी माझं वैर नाही. मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांचा अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९९७ साली या खुणांवर दोन जाडजूड खंड काढले. पण माझ्या गोष्टीत त्या खुणेचं नुसतं ओळखपत्र झालं असतं.) आणखी एक जण बाड ठेवून घेऊन गप्पच बसले. बोलले त्या सगळ्यांचं घोडं शेवटच्या भेटीपाशीच पेंड खायचं.

स्टीव्हन्सन यांच्या नोंदींतली मुलं साधारण दोन ते चार वर्षांची असताना मागच्या जन्माचं बोलू लागतात आणि पाच ते आठच्या दरम्यान बहुतेकांचं ते बोलणं थांबतं. मला कादंबरी सुचली ती या थांबण्यातून. मागे राहिलेली बाई आपल्या जिवलगाला शोधता शोधता म्हातारी होते आणि तो सापडतो तेव्हा पंचविशीत असतो. लहानपणी तो तिचं नाव घेऊन रडायचा, हे त्याच्या आईला आठवतं. त्याला नाही. तो तिला मावशी म्हणतो, बसायला खुर्ची देतो. ‘वाचकाच्या पदरात काय पडलं?’ असं मला विचारण्यात आलं.

तुमच्या कार्यालयातूनही नकारच आला. छापील मजकूर, माझं नाव तेवढं मागाहून भरलेलं. बाड कपाटात टाकण्याआधी सहज पानं चाळली, तर त्याच प्रकरणाच्या समासात पेन्सिलीची एक ओळ होती: ‘महाश्वेतेनंही ओळखलं नव्हतं. हे पान काढू नका.’ खोडली तर मागमूसही उरू नये इतक्या हलक्या हाताची. खाली सही नाही. शेजारच्या ओळीतला माझा एक दीर्घ ऊकार तेवढा जाता जाता ऱ्हस्व केलेला.

मी बाणभट्टाची ‘कादंबरी’ पुन्हा काढली. पुंडरीक विरहानं मरतो. महाश्वेता अच्छोद सरोवराकाठी तपस्विनी होऊन त्याची वाट पाहत बसते. वैशंपायन नावाचा तरुण तिथे येतो, का ते त्यालाही उमगत नाही, वेड्यासारखा तिच्यामागे लागतो, आणि ती संतापून ‘पोपट हो’ असा शाप देते. तो पुंडरीकच होता, हे तिला नंतर कळतं. ज्याची वाट पाहिली त्यालाच तिनं शाप दिला! हा भाग बापाच्या पश्चात भूषणभट्टानं पुरा केला म्हणतात. सातव्या शतकातल्या वाचकाला हे झेपलं, आमच्या प्रकाशकांना खांद्यावर खूण लागते.

ते बाड वाचायला तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, हे पुढे कळलं. तुमच्याकडे मुद्रितं तपासायची; नाकारलेली हस्तलिखितं नुसती परत पाठवायची होती. तरी तुम्ही ते वाचलंत, आणि वाचलं आहे हे मला कळेल अशी सोय केलीत. मला कौतुक नको होतं बाई. कुणीतरी शेवटच्या पानापर्यंत आलं आहे, एवढाच पुरावा हवा होता. अशी माणसं प्रत्येक धंद्यात एखाददुसरी असतात. कुठल्याच पुस्तकाच्या ऋणनिर्देशात ती सापडत नाहीत आणि बढतीच्या यादीतही नसतात. नकार देणं कुणालाही चुकत नाही, पण तो देतानाही समोरच्याचा शब्द वाचायचा असतो, एवढं साधं सौजन्य मला त्या सगळ्या खटाटोपात फक्त तुमच्याकडून मिळालं.

कादंबरी आता दुसरीकडून येते आहे. ते पान जसंच्या तसं आहे, ऊकार ऱ्हस्व करून. तिनं निघताना त्याला खरं सांगून टाकावं, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. ते मात्र मी ऐकलेलं नाही. पुस्तक हातात पडलं की मनसोक्त भांडा.

तुमचा ऋणी,
एक कादंबरीकार