काका, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात

ती. स्व. काकांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. पेनसिल्व्हेनियातली आपली मराठी मंडळी मला विचारत असतात, तुला हरणाच्या शिकारीला जमीन मिळाली कुठून? ती तुमच्यामुळे मिळाली, हे मला चारचौघांत सांगायचंय.

भारतातून वाचणाऱ्यांना शिकार म्हटल्यावर धक्का बसेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे हरीण मारणं हा गुन्हा आहे, आणि तिथे तेच योग्य आहे. इथली गोष्ट वेगळी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या राज्यात पांढऱ्या शेपटीचं हरीण जवळजवळ संपलं होतं, १९०६ पासून बाहेरून आणून सोडावं लागलं. आज बऱ्याच जंगलांत ओकचं रोप गुडघ्याएवढं व्हायच्या आत हरणं त्याचा शेंडा खाऊन टाकतात. म्हणून राज्य दरवर्षी परवाने देतं. पण हरीण राज्याचं असलं तरी जमीन मालकाची. परवाना खिशात आहे म्हणून कुणाच्या रानात पाऊल टाकायचा हक्क मिळत नाही. सरकारी शिकारभूमी आहे, सुमारे १५ लाख एकर, पण रायफलच्या सीझनच्या पहिल्या दिवशी तिथे झाडाझाडाआड दुसऱ्या शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट दिसतं. भाड्याने जमीन घ्यायची तर एकट्याच्या खिशाला ते झेपत नाही.

बाकीचे सीझन तोंडावर आला की शेतकऱ्यांची दारं ठोठावतात. तुम्ही मला जूनमध्येच नेलंत, गवताची कापणी संपल्यावर. "बोलायचं तू. मी फक्त ओळख करून देणार," असं गाडीतच बजावलंत. त्या दूधवाल्या शेतकऱ्याने मला नीट पारखून घेतलं. गाडी कुठे लावणार, सोबत कोण येणार, धनुष्य की रायफल, गाई कुठल्या कुरणात असतात ते ठाऊक आहे का. मी उत्तरं दिली. तो गप्पच. मग तुम्ही म्हणालात, "याला मी ओळखतो. काही झालं तर मला फोन कर." त्याने मला गोठ्यामागची वाट दाखवली ती त्यानंतर. त्याच्या गोठ्याच्या वायरिंगसाठी तुम्ही वर्षानुवर्षं रात्री-अपरात्री धावलात, ती सगळी पुण्याई त्या एका वाक्यात तुम्ही माझ्यासाठी खर्च केलीत. यापेक्षा मोठी मदत मला या देशात कुणी केलेली नाही.

पैशांचं तर तुम्ही आधीच समजावून ठेवलं होतं. इथे १९६६ चा एक कायदा आहे. मालकाने फुकट येऊ दिलं आणि पाहुणा पडला-झडला, तर सहसा त्याची जबाबदारी मालकावर येत नाही. फी घेतली की ते संरक्षण सुटू शकतं. आपल्याला वाटतं पाकीट पुढे केलं म्हणजे सौजन्य, आणि त्याने भला माणूस अडचणीत यायचा. त्यापेक्षा कुंपणाची तार ओढायला जा, गवताचे गठ्ठे उचलायला जा, हे तुम्ही सांगितलंत. आणि सांगून थांबला नाहीत, या वयातही स्वतः हातमोजे घालून सोबत आलात.

हद्द तुम्ही चालवून दाखवलीत, नकाशावर बोट ठेवून नाही. जंगलाच्या कडेला मक्याच्या पहिल्या काही ओळी हरणांनी पार बोडक्या केल्या होत्या; त्या दाखवून म्हणालात, "आधी मादी. त्याचा मका वाचला पाहिजे, शिंगांचं नंतर बघू." पुढे ओढ्यापलीकडे बीच नावाच्या झाडाच्या सालीवर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा होता, छातीच्या उंचीवर, वीतभर लांब. २०२० पासून त्या पट्ट्याला पाटीइतकीच किंमत आहे: आत येऊ नये. तुम्ही त्या झाडाला हात लावून मला उभं केलंत आणि पुढचा पट्टा शोधायला सांगितलंत, मग त्याच्या पुढचा, असं करत कोपऱ्यापर्यंत. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेली घरं मी गावाकडे पाहिली आहेत, तेव्हा हा धडा मला दोनदा सांगावा लागला नाही.

आणि ती ऑक्टोबरची संध्याकाळ. क्रॉसबोचा, म्हणजे घोडा दाबून सोडायच्या धनुष्याचा, बाण बरोबर बसला होता, तरी मादी धावत त्याच पट्ट्यांपलीकडे गेली. रक्ताचा माग पाल्यावर स्पष्ट दिसत होता आणि अंधार पडत होता. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "तिथेच थांब." मग थंडीत गाडी काढून शेजारच्या मालकिणीच्या दारात स्वतः गेलात. बाई विजेरी घेऊन तुमच्यासोबत आल्या आणि माग काढत शेवटपर्यंत चालल्या. जनावर सापडल्यावर तुम्ही आधी मला कानाला परवान्याचा टॅग बांधायला लावलात, मगच उचलू दिलंत. मागची एक तंगडी बाईंच्या घरी, दुसरी शेतकऱ्याकडे, हा वाटा तुम्हीच ठरवलात. उरलेल्याचा काकूंनी रस्सा केला; या मांसाला फारशी चरबी नसते म्हणून त्यांनी मंद आचेवर दुपारभर शिजवलं. आईला त्याची कृती हवी आहे.

माझ्यासारखे आणखी दोघे-तिघे आता जमीन शोधताहेत. त्यांना मी तुमचा नंबर देणार नाही; तुमची पत उठसूट वापरायची नसते. त्यांनी आधी माझ्यासोबत कुंपणाला यावं, मग शेतकऱ्याने ठरवावं.

यंदाचं एक काम राहिलंय. २०२५ मध्ये रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी उठली असली तरी रविवारी खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी जवळ लागते. कागद मी तयार केलाय. पुढच्या शनिवारी सही घ्यायला जाईन, तेव्हा ओढ्याकडचे मोडके खांबही बदलून टाकू. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा, खड्डे मी खणतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
मानलेला पुतण्या