रामपत्रीची फळं कच्चीच उतरवली तर नवीन झाड येणार कुठून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात मसाल्याच्या दुकानात जायपत्री मागितली, घरी येऊन पुडी सोडली तर आत काळपट लाल, लांब लांब दोऱ्यांसारखं काहीतरी, आणि नाकाजवळ नेलं तरी वास जवळजवळ नाहीच. आई बघताक्षणी म्हणाली, अगं ही रामपत्री. जायपत्री कशी केशरी, चपटी असते आणि बरणी उघडली की घरभर दरवळते. पैशाचं सोडा, पण ही रामपत्री कुठून येते ते मी डोळ्याने बघितलंय, म्हणून लिहायला बसले.

रामपत्री म्हणजे रानजायफळाच्या बीवरचं लाल आवरण. हे झाड फक्त सह्याद्रीच्या ओल्या सदाहरित जंगलात होतं, आपल्या कोकणापासून खाली केरळपर्यंत, जगात दुसरीकडे कुठेच नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेने १९९८ सालीच त्याला व्हल्नरेबल म्हणजे धोक्यात आलेलं ठरवलंय. पण आमच्या सिंधुदुर्गात किती जणांना हे माहीत आहे?

मामाचं गाव दोडामार्ग तालुक्यात. उन्हाळ्यात तिथे गेले होते तेव्हा राईच्या कडेला फळांसकट फांद्याच कोयत्याने खाली पाडलेल्या, छाटल्या जागी रक्तासारखा लाल चीक आलेला. फळं अजून कच्ची होती. मामा म्हणाला, पिकेपर्यंत थांबलं तर दुसरा कोणीतरी नेतो, म्हणून आधीच उतरवतात. खरं तर फळ पिकलं की आपोआप उलतं, आतली लाल बी धनेश म्हणजे आपला ककणेर गिळतो आणि लांब कुठेतरी टाकतो, तिथे ओल आणि सावली मिळाली तरच रुजते कारण ही बी सुकली की मेली, साठवून ठेवता येत नाही. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी, तेव्हा फळ धरत नाही म्हणून एखादं नर झाड बिनकामाचं समजून तोडलं तर शेजारच्या मादीला फळ कसं धरणार? बाकी काजू आणि रबराच्या लागवडीसाठी रान साफ होतंय ते वेगळंच.

मामाच्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला याच कुळातल्या झाडांची पाणथळ राई लोकांनी देवाच्या नावाने राखली, म्हणून आज ती जैवविविधता वारसा स्थळ आहे. मग रामपत्रीसाठी एवढं तरी करा: २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी ज्या जैवविविधता समित्या आहेत त्यांनी वनखात्याबरोबर बसून फळं उतरवायची तारीख ठरवावी, फांदी तोडायला बंदी घालावी आणि थोडी फळं झाडावर पक्ष्यांसाठी राहू द्यावीत. दुकानदारांनीही पुडीवर रामपत्री असंच लिहावं, जायपत्री म्हणून विकू नये.

मामाच्या कुंपणाला लागून एक मादी झाड आहे. पुढच्या हंगामात त्याला कोयता लावू द्यायचा नाही असं त्याने ठरवलंय, खाली पडलेल्या बिया तो लगेच पिशव्यांत लावणार आहे.

आपली,
एक वाचक, सावंतवाडी