कलहंसांची राखण

होफडॉर्प, ऑक्टोबर

ती. आई आणि नाना यांना सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. थंडी पडली, पण घर उबदार आहे आणि जेवण वेळेवर होतं. त्याची काळजी सोडा.

आई, तू परवा फोनवर विचारलंस, "तुम्ही तिथं पाखरं मारता का गं?" बोलताना नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर धावपट्ट्यांच्या कडेनं पाखरं हाकलणाऱ्या आमच्या गाड्या दिवसरात्र फिरतात. थवा दिसला की भोंग्यावर पाखरांच्या घाबरलेल्या हाका लावायच्या, आवाजी फटाके उडवायचे, अंधुक उजेडात लेसर फिरवायचा. हुरड्याच्या दिवसांत आपण माळ्यावरून गोफण फिरवायचो, तशीच ही राखण. मी बहुतेक वेळ पाखरं टिपणाऱ्या रडारसमोर असते. गाडीवर गेले तरी एकटी नसते, आणि टॉवरनं होकार दिल्याशिवाय धावपट्टीवर चाकही घालता येत नाही. तेव्हा रात्रपाळीचं मनावर घेऊ नकोस.

नाना, इथली एक गोष्ट तुम्हाला पटायची नाही. २०२१ साली थंडीच्या तोंडावर दोन धावपट्ट्यांमधल्या शेतात डुकरं सोडली होती! २० डुकरं, दोन हेक्टर, सहा आठवडे. विमानतळाला लागून शेतीच आहे. साखरेचं बीट काढलं की पाला आणि तुकडे रानात राहतात, ते खायला कलहंस उतरतात. एकेक तीन-तीन किलोचा, आणि उडतो तो थव्यानं. डुकरांनी रान साफ केलं तर हंसांनी उतरायचं कशासाठी? शेजारचा तुकडा बिनडुकरांचा ठेवला आणि दोन्हीकडची पाखरं रडारवर मोजली. गव्हाचंही तसंच. कापणी झाली की शेतकऱ्यानं लगेच नांगर घालायचा, म्हणजे सांडलेले दाणे मातीआड जातात. त्याचे त्याला पैसे मिळतात. पाखरू विमानासाठी येत नाही, दाण्यासाठी येतं. म्हणून निम्मी राखण शेतातच करावी लागते.

आई, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. उन्हाळ्यात पिसं गळून हंसांना उडता येत नाही, तेव्हा सरकारी परवान्यानं त्यांना पकडून गॅसनं मारतात. ते माझ्या हातून होत नाही. पण मी माळकऱ्याची पोर, मला त्याचा त्रास होतोच. तरी विमानात दीडशे-दोनशे जीव असतात. ६ जून २०१० ला इथून उडालेल्या मोरोक्कोच्या विमानाच्या इंजिनात हंस गेले. वैमानिकानं ते कसंबसं माघारी आणलं म्हणून सगळे वाचले. आपल्या घाटकोपरवर मे २०२४ मध्ये विमान फ्लेमिंगोंच्या थव्याला धडकलं. ते मुंबईत सुखरूप उतरलं, पण जवळपास ४० फ्लेमिंगो गेले. विमान आणि पाखरू, दोघांची गाठच पडू नये यासाठी मी इथं आहे, एवढं समजून घे.

संदीपच्या साखरपुड्याला येता येणार नाही. उत्तरेकडून थवे खाली यायचा हाच हंगाम, म्हणून मी रजा मागितलीच नाही. त्याला मी स्वतः फोन करते, तुम्ही सांगू नका. लग्नाला मात्र आठ दिवस आधी येईन आणि हळदीची सगळी तयारी मीच करीन. नांदूरमध्यमेश्वरलाही जाऊ, आई, तू खूप वर्षांत धरणावर गेली नाहीस.

मावशीनं आणलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला वाटतो. पण नोकरी सोडून यायची अट असेल तर आत्ताच नाही कळवा, त्यांना ताटकळत ठेवू नका. मावशी रागावली तर माझं नाव सांगा.

सोसायटीचा हप्ता आणि छाटणीची मजुरी, दोन्हीचे पैसे पाठवलेत. नाना, गुडघ्याचं ऑपरेशन बागेपायी पुढं ढकलू नका. त्याचे पैसे पुढच्या पगारात वेगळे पाठवते, डॉक्टरांची तारीख घेऊन ठेवा.

तुमची,
मनीषा