मॅक्रॅकनच्या फलकासाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

आपल्या वस्तीच्या कम्युनिटी हॉलमध्ये 'बाहेरून येऊन इथले झालेले' लोक या विषयावर छोटं प्रदर्शन होणार आहे. त्यातला एक फलक आपल्या मराठी मंडळाने मागून घेतला आहे. तो आहे जुन्या काळातला फुटबॉलपटू बिल मॅक्रॅकन याचा.

१९०४ मध्ये बेलफास्टच्या डिस्टिलरी क्लबमधून हा २१ वर्षांचा बॅक, म्हणजे बचावपटू, आपल्या न्यूकॅसल युनायटेडकडे आला आणि १९२३ पर्यंत इथेच खेळला. ४३२ सामने, तीन लीग विजेतेपदं, १९१० चा एफ. ए. कप. पण दुसऱ्या संघांचे प्रेक्षक त्याच्या नावाने बोटं मोडायचे ते ऑफसाइडमुळे.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू पुढे दिला जाताना फॉरवर्ड (गोल करायला पुढे असलेला खेळाडू) आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे किमान तिघे लागत, नाहीतर तो ऑफसाइड. मॅक्रॅकन नेमक्या क्षणी चार पावलं पुढे सरकायचा. मागे गोलकीपर आणि जोडीदार फ्रँक हडस्पेथ, दोघेच. झाली शिट्टी! पाहुणा संघ न्यूकॅसल स्टेशनात उतरत असताना गार्डाने शिट्टी मारली, तर एक खेळाडू म्हणाला, 'झालं, इथेही ऑफसाइड!' असा किस्सा आहे. शेवटी १९२५ मध्ये तिघांचे दोघे झाले आणि पहिल्या डिव्हिजनचे गोल एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेले. गंमत म्हणजे तोवर मॅक्रॅकन खेळणं सोडून हल सिटीचा मॅनेजर झाला होता.

आम्हाला त्याची दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. आयर्लंडकडून इंग्लंडविरुद्ध खेळायच्या सामन्यासाठी त्याने इंग्लंडच्या खेळाडूंना मिळतं तेवढंच मानधन मागितलं. आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याला संघाबाहेर बसवलं, ते थेट पहिलं महायुद्ध संपेपर्यंत. मधल्या काळात, १९१४ मध्ये, आयर्लंडने इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्यातली ब्रिटिश स्पर्धा जिंकली. हा पठ्ठ्या त्यात नव्हता. पगाराच्या चिठ्ठीवरून शेजारच्या टेबलाशी तुलना केलेल्यांना यावर वेगळं सांगायला नको.

फलकाची छपाई आणि चौकट यांना साधारण ४०० पौंड लागतील; १५० जमले आहेत. पाच-दहा पौंडही चालतील. रविवारी मुलांच्या सरावाला खजिनदार मैदानावर असतात, पावती तिथेच मिळेल. कुणाच्या शेजारी-सासरी त्या काळातली सिगारेट कार्डं (सिगारेटच्या पाकिटात मिळणारी खेळाडूंची चित्रं) किंवा सामन्यांच्या पुस्तिका असतील तर स्कॅन करायला द्या, त्याच दिवशी परत करू. इंग्रजी मजकूर तपासायला एक जाणकारही हवा आहे.

ऑफसाइड समजवायला फलकासमोर टेबल मांडणार आहोत: स्टीलच्या वाट्या म्हणजे बॅक, डबीची झाकणं म्हणजे फॉरवर्ड, चेंडूला एक सुपारी. मागच्या रविवारी मुलांना हे दाखवताना तीन वाट्या कमी पडल्या. तेव्हा येताना दोन-दोन घेऊन या, खाली नेलपॉलिशने नाव घालून.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते