बाई, तुमच्या छत्तीस आठवड्यांच्या वहीबद्दल

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

मे महिना संपत आला की घरोघरी दप्तरं, वह्या आणि खाकी कव्हरांची खरेदी निघते. घरीच शिकणाऱ्या आमच्या जिम्नॅस्ट मुलांसाठी आम्हीही तसंच करणार होतो. आधी पुस्तकं आणायची, मग भिंतीवर वेळापत्रक लावायचं आणि पुढचं पुढे बघायचं. वर्षाचा अभ्यास वहीत आखून देताना तुम्ही मात्र सगळ्यात आधी कॅलेंडर मागितलंत, आणि त्यामुळे या वर्षाची तयारी बरोबर टोकापासून सुरू झाली. त्याचे आभार मानायला हे पत्र. ते उघड लिहितो आहोत, कारण सरावामुळे शाळेची वेळ न जमणारी मुलं इतर घरांतही आहेत. तुम्ही दिलेलं आमच्यापुरतं ठेवून घेणं आम्हाला बरं वाटत नाही.

वर्षाचे आठवडे ५२. तीन स्पर्धा धरल्या तर प्रत्येकीचे दोन, एक स्पर्धेचा आणि एक त्याच्या आधीचा. हे सहा झाले. दिवाळीचे दोन, मे महिन्याचे चार. शिवाय चार आठवडे तुम्ही कोरे ठेवायला लावलेत: ताप, मुरगळलेला घोटा, घरातलं लग्नकार्य, ऐन वेळी पुढे गेलेली स्पर्धा, काहीही असो. उरले ३६. पुस्तकाचे धडे या ३६ मध्ये वाटायचे. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात (विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा), म्हणून आपणही त्याच दिवशी घाईने सुरुवात करायची गरज नाही, हेही तुम्ही सांगितलंत. स्पर्धांच्या तारखा जूनमध्ये बहुतेक ठरलेल्या नसतात. म्हणून आठवड्यांवर शाईने तारखा लिहायच्या नाहीत, फक्त क्रमांक घालायचे. सोळावा आठवडा स्पर्धेत गेला तर तो पुढे सरकतो, धडा बुडत नाही. जून ते मार्च सगळे आठवडे सारखे भरले, की पहिली स्पर्धा येताच सगळं घसरतं आणि डिसेंबरपासून मूल मागे पडल्याच्या भावनेतच अभ्यासाला बसतं. असं मूल पुस्तक उघडायलाच तयार नसतं.

दिवसाचा हिशेबही तुम्ही असाच मांडून दिलात. संध्याकाळी चार ते साडेसात सराव, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे २१ तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. सरावाहून आल्यावर अंघोळ, जेवण, पाठ टेकायला नऊ. मग उठणं साडेसहाच्या आधी नको. या दोन गोष्टी आधी वहीत लिहायच्या आणि अभ्यास मधल्या ताज्या वेळात बसवायचा, सकाळी साडेआठ ते साडेअकरा. रात्रीचा अभ्यास तुम्ही पूर्ण बंद केलात. दमलेलं मूल वाचताना ओळ सोडतं, हातचे विसरतं, आपण चिडतो, आणि तेच गणित सकाळी पुन्हा करावं लागतं. एका कामाला दोनदा वेळ जातो.

तीन तासांत खरा अभ्यास अडीच तासांचाच. आठ-दहा वर्षांच्या मुलाला समोर एकच शिकवणारं माणूस असेल तर तेवढा पुरतो, कारण हजेरी, रांगा, बाकीच्या चाळीस जणांच्या वह्या हे काही त्यात नसतं. पंचवीस-तीस मिनिटांचे पाच तुकडे, मधे उठून पाणी, खिडकीतून बाहेर बघणं. सगळ्यात अवघड विषय दुसऱ्या तुकड्यात ठेवायचा, पहिल्यात नाही, हे आम्हाला सुचलं नसतं. पहिला तुकडा जमणाऱ्या गोष्टीचा, जसं हॉलमध्ये वॉर्मअप न करता कुणी टंबलिंगला, म्हणजे सलग कोलांटउड्यांना, उभं राहत नाही. शाळेसारखे आठ तास आखणाऱ्या पालकांना तुम्ही प्रेमानेच थांबवलंत. तसलं वेळापत्रक दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरून उतरतं.

हातांचा विचार तुम्ही केलात, त्याबद्दल वेगळे आभार. लेखनाचं काम ठरवताना आदल्या दिवशी बारवर (लटकून झोके घ्यायच्या आडव्या दांड्यावर) सराव होता का, हे तुम्ही विचारता. बारच्या दिवशी तळहातावरचे घट्टे सोलतात, बोटं सुजल्यासारखी होतात, दुसऱ्या दिवशी पेन्सिल धरताना झोंबतं. मूल अक्षर वाकडं काढतं आणि आपण आळशी म्हणतो. म्हणून बारनंतरच्या सकाळी तोंडी उत्तरं, वाचन, पाढे, नकाशा. निबंध आणि मोठी गणितं बार नसलेल्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी. घट्टे अंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, वजरीने हलकेच घासायचे. ते उंच वाढू दिले की चिमटतात आणि सोलतात. रात्री थोडं खोबरेल तेल लावायचं. चॉकमुळे हात कोरडे पडतात. ती पांढरी पूड म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ती घाम शोषते, हे तुम्ही त्याच ओघात विज्ञानाच्या वहीत लिहून घेतलंत.

मनगट दुखणं मात्र घट्ट्यांच्या वर्गात मोजायचं नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा थर असतो. हँडस्टँड, कार्टव्हील, व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) यांत शरीराचा भार हातांवर येतो आणि तो थर दुखावतो. टाचेचंही तसंच, उड्यांमुळे. दुखणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा मागे वाकताना कमरेत दुखत असेल, तर तेल चोळत बसायचं नाही. सराव घेणाऱ्या सरांना सांगून ती हालचाल थांबवायची आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. त्या दिवसांत लेखन कमी होतं आणि तोंडी परीक्षा घेता येते, म्हणून तुमच्या वहीत ‘तोंडी’ हा रकाना कायम आहे. मुलांच्या वजनाचा रकाना काढून टाकायला सांगितलात, तोही कायमचा गेला.

गणित हॉलमधून शिकवायचं तुमचं तंत्र मुलांना फार आवडतं. बीम, म्हणजे तोल सांभाळत चालायची अरुंद पट्टी, ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, १२५ सेंटिमीटर उंच. क्षेत्रफळ काढायला यापेक्षा जवळची आकृती कुठून आणणार? फ्लोअर १२ मीटर बाय १२ मीटर. कोपऱ्यातून कोपऱ्यात टंबलिंगची धाव किती लांब, हे आठवीच्या मुलाने पायथागोरसने काढायचं: १६.९७ मीटरच्या आसपास. स्प्लिट म्हणजे १८० अंश. दशांश अपूर्णांक तर या मुलांना आधीच ठाऊक असतात. लहान चुकीला ०.१०, मधल्या चुकीला ०.३०, मोठ्या चुकीला ०.५०, पडलं तर १.००. अंमलबजावणीच्या १० गुणांतून या कपाती वजा करायच्या आणि अवघडपणाचे गुण मिळवायचे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधलं दीपा कर्माकरचं व्हॉल्ट तुम्ही उदाहरणाला घेतलंत. १४.८६६ आणि १५.२६६ यांची सरासरी १५.०६६. कांस्यपदक १५.२१६ ला गेलं. फरक किती? ०.१५०. दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या स्थानाला काय अर्थ असतो, ते समजावून सांगायची मग गरज उरली नाही.

पण सगळं हॉलमधूनच आणू नका, हेही तुम्ही ठामपणे सांगितलंत. इतिहास, कविता, झाडांची पानं, पावसाचं मोजमाप हे जिम्नॅस्टिक्सशी न जोडता तसंच ठेवायचं. आठवड्याचे २१ तास मूल बारकाईने तपासलं जात असतं. ज्या विषयात त्याला कुणी गुण देत नाही, तिथे ते मोकळं होतं. आम्हाला तुमच्या सगळ्या सूचनांत हीच सर्वांत मोलाची वाटते. तशीच दुसरी: अभ्यास झाला नाही म्हणून सराव बंद करायचा नाही, आणि सराव वाईट झाला म्हणून अभ्यास वाढवायचा नाही. एक दुसऱ्याची शिक्षा झाली की मुलाला दोन्ही नकोसे होतात.

नव्या वर्षाच्या आधीची चाचणी तुम्ही अर्ध्या तासात बसवलीत. मागच्या इयत्तेची दहा तोंडी गणितं, पाच ओळींचं श्रुतलेखन, आणि एक पान मोठ्याने वाचणं. पानभरात पाच-सहाहून जास्त शब्दांवर मूल अडखळलं, तर त्या विषयाला मागच्या इयत्तेचं पुस्तक घ्यायचं, लाज न बाळगता. चाचणी आरामाच्या दिवसानंतरच्या सकाळी घ्यायची, नाहीतर थकव्याचं मोजमाप होतं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतो आहे, म्हणून भावंडांचं जुनं पुस्तक वापरण्याआधी आवृत्ती बघायची.

कागदपत्रांत तुम्ही जितक्या काटेकोर आहात, तितकी शिस्त आमच्यापैकी कुणातच नव्हती. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि जिम्नॅस्टिक्स संघटनेतली नोंदणी, चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी हवी. जिम्नॅस्टिक्समध्ये वयोगट जन्मसालावर ठरतात. एका आकड्याचा फरक स्पर्धेच्या आदल्या दिवशी उघड झाला तर दुरुस्तीला वेळ नसतो. शाळेतून नाव काढण्याआधी सगळ्या प्रगतिपत्रकांच्या प्रती घ्यायच्या. शालेय क्रीडा स्पर्धांचा प्रवेश शाळेमार्फत होतो, तेव्हा घरी शिकणाऱ्या मुलाला तो रस्ता सहसा बंद होतो आणि जिल्हा संघटनेच्या स्पर्धा उरतात. ही किंमत आधी समजून मगच निर्णय घ्या, असं तुम्ही प्रत्येक घराला समोर बसवून सांगितलंत. परत शाळेत जावंसं वाटलं तर शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. म्हणून दर महिन्याला प्रत्येक विषयाचं एक-एक काम, तारखेसह, फाइलमध्ये लावून ठेवायचं.

मोठ्या मुलींसाठी तुम्ही काढलेला आराखडा तर आम्ही फ्रिजवर लावला आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुलींचा खुला गट त्या वर्षी सोळा पूर्ण होणाऱ्यांपासून सुरू होतो, म्हणजे सरावाची सर्वांत जड वर्षं आठवी ते दहावीवरच येतात. (मुलांचा खुला गट अठरापासून, त्यांना तेवढी घाई नाही.) राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी इथे उपयोगी पडते. निदान पाच विषय, त्यांत एक तरी भाषा, आणि मराठी घेता येते. नोंदणी पाच वर्षं चालते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि विषय एकेक करून देता येतात. एप्रिलच्या परीक्षेला ३१ जानेवारीला आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला ३१ जुलैला वयाची चौदा पूर्ण हवीत. तुमचा सल्ला असा, की पहिल्या फेरीत दोनच विषय, त्यांतला एक भाषा. विज्ञान घ्यायचं तर त्याची प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी असते, ती स्पर्धेवर आदळते का ते आधी बघायचं. स्वाध्यायाच्या वह्या वेळेत न दिल्याने गुण जातात, म्हणून त्या विसाव्या आठवड्यापर्यंत लिहून ठेवायच्या.

महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाचे पाचवी, आठवी आणि दहावीचे टप्पे तुम्ही लहानांसाठी सुचवलेत. त्यातलं कुठलं कुणाला, हे अजून दोन घरांत ठरायचं आहे.

हॉलच्या गॅलरीत बसून अभ्यास करवून घ्यायचा बेत तुम्ही मोडून काढलात. चॉकची धूळ, म्युझिक, स्प्रिंगबोर्डचा आवाज आणि खाली मैत्रिणीचं रूटीन चालू असताना भागाकार होत नाही. जाताना गाडीत पाढे आणि कविता चालतात. येताना काही नको, फक्त डब्यातलं खाणं: केळं, गूळ-शेंगदाणे, थालीपीठ. त्यातून भूक शमली की घरी वरण-भात शांतपणे जेवून होतो. रविवार पूर्ण मोकळा. शनिवारी वीस मिनिटं आठवड्याची तोंडी उजळणी, तीही मुलाने आपल्याला शिकवायची.

तीन घरांनी मिळून शिकवायचं ठरवलं, त्यातही तुमची सोय उपयोगी पडते. मराठी आणि इतिहास सगळ्या वयांना एकत्र, गणित प्रत्येकाला स्वतंत्र. मोठ्याने वाचायचं, मधल्याने प्रश्न विचारायचे, धाकट्याने चित्र काढायचं. हॉलबाहेरची मुलं भेटावीत म्हणून बुधवारी दुपारी वाचनालय, हेही वहीत आलं आहे.

बाई, नवीन वही तयार आहे. ३६ पानांवर क्रमांक घातले आहेत, कोरे चार आठवडे शेवटी वेगळ्या रंगात. पहिल्या पानावर पहिला तुकडा भरला आहे: मुलांना आधीच येणारी कविता. १५ जूनच्या आठवड्यात वही घेऊन येतो. पेन्सिलच आणू.

आपले,
सरावाहून मुलांना आणणारे आम्ही सगळे पालक