हर्णैच्या तांडेलकाकांना

तांडेलकाका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण हर्णैतलं कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेल, अशी आशा आहे.

जानेवारीत मी, माझा नवरा आणि धाकटा भाऊ आमच्या छोट्या मोटरबोटीने मांडव्याहून मालवणला निघालो होतो. खांदेरी पाहिली, मुरूडला जंजिरा आणि पद्मदुर्ग पाहिले. तिसऱ्या संध्याकाळी हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाजवळ आलो आणि मासेमारीचं एक जाळं आमच्या बोटीच्या पंख्यात गुंडाळलं गेलं. इंजिन बंद पडलं. वायव्येचा वारा आम्हाला किल्ल्याच्या खडकांकडे ढकलत होता. नांगर टाकला, तोही घसरत होता. मी तेव्हा किती घाबरले होते, हे भावालाही कधी सांगितलं नाही.

तुम्ही मासळी घेऊन बंदराकडे चालला होतात. लिलावाची वेळ होती, उशीर म्हणजे भाव गेला. तरी बोट वळवलीत, दोर फेकलात, आम्हाला बाहेर ओढून नेलंत आणि मग तुमचा खलाशी पोरगा सुरी घेऊन आमच्या बोटीखाली उतरला. चार-पाच वेळा बुडी मारली त्याने. वर आला तेव्हा थंडीने दात वाजत होते.

पैसे पुढे केले तर तुम्ही हात मागे घेतलात. म्हणालात, "मला नको. ज्याचं जाळं फाटलं त्याला द्या." आणि रात्री त्याच्या घरी स्वतः घेऊन गेलात. जाळ्याची किंमत काय असते, ते मला त्या ओटीवर बसून कळलं. त्याआधी जाळ्यांचे पाण्यावर तरंगणारे बोये मला नुसते अडथळे वाटायचे, हे आज लिहिताना लाज वाटते.

पण काका, मला खरे आभार मानायचे आहेत ते दुसऱ्या दिवशी सकाळचे. धक्क्यावर बसून तुम्ही भरतीचं गणित शिकवलंत. तिथीचा पाऊणपट करायचा, ती पूर्ण भरतीची वेळ, बंदराप्रमाणे थोडी मागेपुढे. अष्टमी होती. आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि दुपारी बारानंतर पाणी चढू लागणार. "खाडीत शिरायचं तर चढत्या पाण्यावर," तुम्ही म्हणालात. "वाळूला बोट टेकली तर पाणीच उचलून देईल. ओहोटीला टेकलात तर मग पाणी परत येईपर्यंत तिथेच." आमच्याकडे जीपीएस होतं, भरतीचं ॲपही होतं. पण कधी शिरायचं आणि का, हे त्यातलं काहीच समजावत नव्हतं.

त्याच दुपारी दाभोळच्या तोंडाशी आमची बोट खरोखरच वाळूला घासली. इंजिन बंद करून आम्ही गोपाळगडाकडे बघत बसलो. थोड्या वेळाने ती आपोआप हलकी झाली. नवरा म्हणाला, "काका बरोबर होते." पुढे रोज पहाटे मतलईवर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, निघालो आणि दुपारच्या आत बंदर गाठलं. जयगड, विजयदुर्ग, देवगड, कुठेही घाई केली नाही.

आणि मालवण! सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडकच खडक. कुरटे बेट निवडण्यात महाराजांची नजर काय होती, ते समुद्रातून येताना दिसतं. "तिथे एकटे शिरू नका," असं बजावून तुम्ही तुमच्या ओळखीच्या माणसाला फोन केला होतात. त्याची होडी बाहेर वाट बघत उभी होती. आम्ही तिच्या मागोमाग आत गेलो.

एक राहिलं. तुमच्या पोराची सुरी आमच्या बोटीवरच राहिली आहे. धार लावून, तेल लावून ठेवली आहे. नारळी पौर्णिमेला घेऊन येतो.

तुमची,
मोटरबोटीवरची ताई